बाहेरच्या कलाकारांना मानधन देण्याची आमची पद्धत

कलावंताला पैशाची हाव नसते, हे सत्य आमच्या कार्यालयात सर्वमान्य आहे. (कलावंतांना विचारलेलं नाही.) पुस्तकांची मुखपृष्ठं करून देणाऱ्या या छोट्या संस्थेचा मी हिशेबनीस. आमच्याकडे पगारी माणसं चार आणि बाहेरून काम करणारे कलाकार अकरा. पगारींना एक तारखेला पगार मिळतो. बाहेरच्यांना मालक ‘आपली माणसं’ म्हणतात.

आपल्या माणसाशी व्यवहार काय करायचा, या उदात्त विचारातून बिलांची पद्धत ठरली आहे. बिलावर काम सांगणाऱ्याची सही लागते. काम नेहमी फोनवर सांगितलं जातं आणि फोनवर सही करता येत नाही. (ही अडचण आम्ही कलाकारांना अत्यंत सहानुभूतीने समजावून सांगतो.) तरीही एखाद्याने सही मिळवलीच, तर बिल फक्त मंगळवारी स्वीकारलं जातं. मंगळवारी मी बँकेत असतो. गेल्या वर्षी आलेल्या एक्केचाळीस बिलांपैकी एक्केचाळीस विचाराधीन आहेत. लहान-मोठा असा भेदभाव आमच्याकडे होत नाही.

परवा एक चित्रकार बाई आल्या. सात मुखपृष्ठांचं बिल, सहा महिने जुनं. उंबरठा झिजवून झाला होता. आता आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि पैसे भरल्याशिवाय दवाखाना तारीख धरून ठेवणार नव्हता.

“साहेब, निम्मे तरी द्या हो. आईला आता माझा चेहरासुद्धा नीट दिसत नाही.”

मालक गहिवरले. आईची त्यांनी पंधरा मिनिटं चौकशी केली. “अगं, तू तर घरचीच! तुझे पैसे कुठं पळून चाललेत का?” असं म्हणून त्यांनी आठव्या मुखपृष्ठाचं काम बाईंच्या हातात ठेवलं. बाईंनी ते घेतलं. (नाही म्हटलं असतं, तर आधीच्या सातांवर पाणी सोडावं लागलं असतं.)

मला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. माझा पगार झालेला होता, त्यामुळे वाईट वाटून घ्यायला सवड होती.

जाताना बाईंनी येणेबाकीची वही माझ्या टेबलावर उघडली. “आता मागू तरी कुणाकडं? तुम्हीच सांगा.”

मी वाचली. आमचं नाव दुसऱ्या पानावर होतं. पहिलं पान ओळखीच्या माणसांनी भरलं होतं, आणि त्यात तिसरं नाव, वाचकहो, तुमचं आहे. मुलीच्या लग्नाची पत्रिका. “दहा मिनिटांचं तर काम,” असं तुम्ही म्हणाला होतात, आणि झाल्यावर ‘अप्रतिम!’ असं कळवलं होतंत. बाई प्रामाणिक आहेत. ते ‘अप्रतिम’ त्यांनी जमेच्या बाजूला लिहून ठेवलं आहे. दवाखान्यात ते भरून चालतं का, हे विचारायला त्या आज गेल्या आहेत.