प्रेमच्या सामानावरची क्वेरी

आमच्या खानावळीत सोलकढीची वाटी पुढे ठेवली की धुरीकाका ती लगेच पीत नाहीत. आधी तिचा निकाल लावतात. वाटी उजेडात धरतात, हुंगतात आणि शेजारच्या टेबलावरच्या पर्यटकाला विचारतात, "तुमच्या मते हे काय? पेय की सूप?" तो बिचारा सुरमई खायला मालवणात आलेला असतो. तो चाचरत "पेय" म्हणाला की काका मान डोलावतात. "म्हणजे प्रकरण बावीस. आणि भातावर ओतून घेतलीत तर?" तोवर त्या माणसाची सुरमई गार झालेली असते आणि शिव्या मला बसतात.

धुरीकाका आमचे शेजारी. मध्ये फक्त एक चिऱ्यांचा गडगा. मुंबईच्या बंदरात, कस्टममध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. परदेशातून आलेला माल कुठल्या सदरात बसतो ते हे ठरवायचे आणि सदर ठरलं की जकात ठरायची. सरकारचं त्याचं एक जाडजूड पुस्तक असतं. जगात जे जे म्हणून विकलं जातं, ते सगळं त्यात प्रकरणाप्रकरणांत बसवून टाकलेलं आहे. निवृत्त झाल्यावर इतर लोक पितळी घड्याळ घेऊन गावी येतात, काका त्या पुस्तकाची जुनी प्रत घेऊन आले. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणतात, "माझा सदर कोणाक गावलाच नाय."

त्या पुस्तकात छत्री, हातातली काठी आणि घोड्याचा चाबूक एकाच प्रकरणात आहेत. म्हणून काकांच्या दारामागे छत्री आणि काठी शेजारी शेजारी टांगलेली असतात. चाबूक त्यांच्याकडे नाही, पण त्याची खुंटी रिकामी ठेवलेली आहे. एका लग्नाला मी घाईत कापडी फुलांची वेणी माळून गेले, तर हे भर मांडवात म्हणाले, "शैला, खोटी फुला आणि माणसाचे केस एकाच प्रकरणात येतत. आज पयल्यांदा वस्तू बरोबर जाग्यार बघतंय." माझ्या नवऱ्याला अजून ते आठवून हसू फुटतं.

दोन गोष्टींची भेसळ दिसली की त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "मूळ स्वभाव बघूचो." मालाला आकार कशाने आला, तो कशामुळे तो आहे, ते बघायचं. गावात कोणाचं भांडण लागलं, तरी ते हेच सांगत. त्याने भांडण कधी मिटलं नाही, पण भांडणारे दोघंही काकांवर उखडत आणि आपापल्या घरी जात.

या माणसाला सांभाळायचा तो प्रेम. नेपाळचा. काकांच्या आंब्याच्या बागेत वानर हाकायला म्हणून एका हंगामासाठी आला होता. हंगाम संपला, बाकीचे गुरखे गेले, प्रेम राहिला. त्याला आता सोळा वर्षं झाली. तो मालवणी बोलायचा, पण तिच्यातलं स्त्रीलिंग त्याने कधी जुमानलं नाही. आमच्याकडे चहासुद्धा 'ती' असते. "काका, च्या थंड झालो!" अशी त्याची हाक गडग्यावरून रोज यायची. काका ओरडायचे, "थंड झाली! झाली!" प्रेम म्हणायचा, "तेच. झालो." काकांच्या गोळ्या, काकांचं आंघोळीचं पाणी, काकांचा चष्मा, सगळं त्यालाच ठाऊक. काका मात्र कोणी विचारलं तर "आमचो बागेचो माणूस" एवढंच सांगत.

यंदा दिवाळीनंतर प्रेमने सांगितलं की आता कायमचं घरी जातो. मुलगा आखातात गेला, बायकोचे गुडघे धरले, घरात ती एकटी. काका म्हणाले, "बरा. जा." आणि लगेच पुस्तक खाली काढलं. सीमेवर सामान उघडतात, तिथे प्रेमला कोणी अडवू नये म्हणून प्रत्येक वस्तूची सदरासकट यादी करून द्यायची असं त्यांनी ठरवलं. मला ते फार आवडलं.

पण यादी संपेना. कस्टममध्ये मालाबद्दल शंका आली की अधिकारी कागदावर क्वेरी काढतो. तिचं उत्तर मिळेपर्यंत माल जागचा हलत नाही. काकांनी पहिली क्वेरी काढली ती कुकरवर. अंग ॲल्युमिनियमचं, बूड स्टीलचं, मग धरायचा काय? दुसरी आमसुलांवर. सुकं फळ की मसाला? सावंतवाडीहून प्रेमने लेकीकडच्या नातीसाठी लाकडी फळं आणली होती, ती खेळणी की शोभेची वस्तू यावर तीन दिवस गेले. तोवर रेल्वेचं तिकीट एकदा रद्द झालं. मग दुसऱ्यांदा झालं.

मी चिडले. बिचाऱ्याची बायको तिकडे वाट बघते आणि हे इथे आमसुलं हुंगत बसलेत. काकांना चार शब्द सुनवायचे म्हणून गडगा ओलांडून गेले. काका मागीलदारी होते. प्रेम पडवीत उघड्या ट्रंकेपुढे उकिडवा बसला होता.

"काय रे, अजून भरून झाली नाय?"

"मी रोज भरतंय ताई, काका रोज काढता."

"मग तू सांगत कित्याक नाय तेंका?"

प्रेमने मागे बघितलं आणि माझ्या स्वयंपाकघरातून परवाच मागून नेलेला डवला, म्हणजे करवंटीची लाकडी दांड्याची पळी, हळूच कपड्यांत सारला. "ह्यो आज टाकलंय," तो कुजबुजला. "नारळ की लाकूड? काकाला दोन दिवस पुरेल."

मी घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, "दुसरो डवलो आणा. आपलो नेपाळाक चललो."

तो डवला खरंच दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रेमच्या गावाहून फोन आला. त्याची बायको विहिरीवर पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. काकांनी यादी पुढे ओढली, सगळ्या क्वेरींवर भराभर रेघा मारल्या, खाली सही केली आणि तिच्यावर इंग्रजीत तीन शब्द लिहिले. आउट ऑफ चार्ज. हे शब्द पडले की माल सुटतो, मग त्याला कोणी अडवू शकत नाही, असं ते माझ्याकडे न बघता म्हणाले. माझ्या नवऱ्याने खटपट करून त्याच दुपारचं तिकीट मिळवलं.

कुडाळ स्टेशनवर आम्ही तिघं रिक्षाने गेलो. प्रेम पाया पडला. काकांनी त्याची कॉलर सरळ केली, यादीची घडी त्याच्या वरच्या खिशात घातली आणि खिसा वरून दोनदा थोपटला. "पोचलंस की फोन कर," म्हणाले. प्रेम ट्रंक घेऊन डब्यात चढला. गाडी तीनच मिनिटं थांबली.

परत येताना झाराप गाव मागे गेलं. आमचा रस्ता मुळात तिकडून नाहीच. रिक्षावाला चुकला होता, आणि ते आमच्या दोघांच्या लक्षातच आलं नव्हतं. रिक्षा वळवून घेतली. मला राहवेना. मी म्हटलं, "काका, येवढी क्वेरी काढलास. त्यापेक्षा सरळ 'जाव नको, हयच रव' म्हणूचा होता तेका."

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले.

"म्हटला असता तर तो रवलो असतो गो," ते म्हणाले. "म्हणानच म्हणूक नाय."