जोह्याच्या आखणी यंत्राची निर्दोष कामगिरी

वस्तू सांभाळण्यापेक्षा वस्तूचा पत्ता सांभाळणे सोपे असते, हे सत्य मानवजातीला फार पूर्वीच कळले होते. त्यावर सहकारी संस्था काढण्याचा मान मात्र पेण तालुक्यातल्या जोहे गावाकडे जातो.

जोह्यात वर्षभर गणपती घडतात. घरात, पडवीत, माळ्यावर, शेताच्या कडेला ताडपत्रीखाली. जागा थोडी आणि देव फार, म्हणून गावाने दोन रीती पाळल्या आहेत. पहिली, ओली मूर्ती हलवायची नाही. (हलवली तर सोंड पडते, आणि ती कोणामुळे पडली यावर जेवढी चर्चा होते तेवढ्यात दुसरी मूर्ती होते.) कोणी मूर्ती मागितली की ती कुठे आहे तेवढे सांगायचे: दाराआड, वरची फळी, भिंतीकडची. दुसरी रीत, फळी रिकामी ठेवायची नाही. एक मूर्ती उठली की धूळ बसायच्या आत तिथे दुसरी बसते. त्यामुळे पत्ता घेतलेला माणूस चहा पिऊन फळीकडे गेला आणि सिंहासनावरच्या गणपतीऐवजी नंदीवरचा घेऊन आला, असे अधूनमधून घडते. त्याबद्दल कोणी कोणाला दोष देत नाही. पत्ता बरोबरच होता.

अशा गावात 'आखणी यंत्र सहकारी संस्था' स्थापन होणे ओघानेच आले. मूर्तीचे डोळे रंगवण्याला इथे आखणी म्हणतात. संस्थेच्या यंत्राला डोळ्याचा आकार, रंग आणि बुबुळाचा तिरकेपणा सांगितला की मूर्तीवरची डोळ्याची जागा ते कॅमेऱ्याने स्वतः शोधते आणि रंगवून मोकळे होते. अडचण एकच होती. मूर्तींचे कारखानदार सूचना मराठीत लिहीत आणि यंत्राला मराठी येत नव्हते. म्हणून निडी गावच्या सुजयला नेमण्यात आले.

सुजय रोह्याला बीएस्सी झाला होता. सकाळी निडीहून गाडीने पेण, पेणहून एसटीने जोहे, असा तो येई. मराठी सूचनांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर त्याने स्वतः लिहिला होता. हा कंपायलर आधी सूचनांची एक मधली भाषा तयार करतो. मधली भाषा कारखानदाराला कळत नाही आणि यंत्रालाही कळत नाही. ती फक्त सुजयला कळत होती, आणि याच पात्रतेवर त्याची नेमणूक झाली होती. (तात्पुरती.)

त्याच्या मधल्या भाषेचा कारभार जोह्याला शोभेल असाच होता. कोणतेही काम सुरू झाले की त्याला सामान ठेवायला चवडीवर थोडी जागा मिळे. काम संपले की ती जागा काढून पुढच्या कामाला दिली जाई. जगात याला स्टॅक म्हणतात, जोह्यात फळी. सामान कुठे ठेवले आहे ते सांगणारा पत्ता म्हणजे पॉइंटर. सुजयने फक्त एक खबरदारी घेतली होती. प्रत्येक पत्त्यावर तो कशाचा आहे हे लिहिलेले असे: 'गणपतीच्या डोळ्याच्या मापाचा पत्ता', 'उंदराच्या डोळ्याच्या मापाचा पत्ता'. त्या जागी भलतेच सामान निघाले तर यंत्र थांबून विचारणा करी.

यंत्र फार विचारते, अशी हरकत कारखानदार दत्ताशेठने सभेत घेतली. बोलावे तरी किती, पत्ता म्हणजे पत्ता. दुसऱ्या एका सभासदाने तात्त्विक मुद्दा मांडला की देव आणि उंदीर एकाच मातीचे असताना त्यांच्या पत्त्यांत भेद करणे संस्थेच्या समतेच्या धोरणात बसत नाही. यावर ठराव झाला:

'यापुढे सर्व पत्ते हे केवळ पत्ते समजण्यात यावेत. ते कशाचे आहेत याची चौकशी यंत्राने करू नये. हंगाम संपेपर्यंत यात बदल करावयाचा झाल्यास लेखी तक्रार आवश्यक राहील.'

त्याच सभेत दुसराही ठराव झाला: हंगामात आखणीबद्दल एकही तक्रार न आल्यास सुजयला कायम करावे, आल्यास निडीला परत पाठवावे. सुजयने पत्त्यांचे प्रकार काढून टाकले. ठराव अमलात आणायला त्याला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही, आणि या तत्परतेची नोंद घेण्यात आली.

मग दत्ताशेठने सूचना लिहिल्या. लिहिल्या त्या गावच्या रीतीनेच. 'माप घे' हे काम गणपतीच्या डोळ्याचे माप काढी, चवडीवर ठेवी आणि माप न हलवता त्याचा नुसता पत्ता पुढे देई. पण पत्ता देताच काम संपे, आणि काम संपले की जागा जाई. तीच जागा पुढच्या, म्हणजे 'उंदराचे माप घे' या कामाला मिळे. ते काम तिथे उंदराचे माप ठेवी. शेवटी 'डोळे काढ' हे काम हातातला पत्ता घेऊन निघे, ठरल्या ठिकाणी वेळेवर पोहोचे आणि तिथे जे मिळेल ते गणपतीच्या चेहऱ्यावर काढी. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'पत्ता मिळाला' असे उमटे. तपासनीस ती अक्षरे वाचून मूर्तीवर प्लास्टिक चढवत.

त्या हंगामात यंत्राने अकराशे चाळीस मूर्तींची आखणी केली. डोळे दोन हजार दोनशे ऐंशी, उंदीर धरून चार हजार पाचशे साठ. सर्व उंदराचे.

सुजयला हे कळले ते रोह्याला, सखामामाकडे. मामाचा गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत असतो. आरती संपली, सुजय नमस्काराला वाकला, वर बघितले आणि त्याला वाटले की देव आपल्याकडे बघत नाही. डोळे लहान, गोल, चकचकीत. बुबुळे डावीकडे खाली, जिथे मोदकांचे ताट होते. नजरेत भक्ती नव्हती आणि कृपाही नव्हती. आसपास कोणी आहे का, एवढाच अंदाज होता.

"मामा, डोळे बघितलेत का नीट?"

"बघितले की. लय बोलके हायत."

"काय बोलतायत?"

मामाने जरा विचार केला. "ता काय इचारला नाय."

शांतीमामी आतून म्हणाली, "तुजी काय तक्रार हाय रं? एवढी वर्सं निवेद दाखवतंय, कदी ताटाकडं बघितला नाय त्याने. ह्याच वर्सी बघतोय."

निडीला सुजयच्या घरीही याच यंत्राची मूर्ती होती. ती गौरीबरोबर विसर्जित झाली होती. त्याने घाईने फोनमधला तिचा फोटो उघडला. फोटोत आई, बाबा, बहीण आणि तो स्वतः स्पष्ट दिसत होते. देवाचा मुकुट सुजयच्या डोक्यावरून उगवला होता आणि सोंडेचे टोक त्याच्या खांद्याजवळ संपत होते. मधला सगळा भाग सुजयच्या कपाळाने व्यापला होता. आपल्याच घरात इतके दिवस हा देव होता आणि आपण तो बघितला नाही, ही गोष्ट त्याने शास्त्रीय वृत्तीने मान्य केली, आणि मग त्याला घाम फुटला. कारण पुढच्या आठवड्यात नवरात्राच्या देवी यंत्राखाली जाणार होत्या. तिथे उंदीर नव्हता. देवीच्या पायाशी महिषासुर होता.

दुसऱ्या दिवशी तो संस्थेचे अध्यक्ष नाथाशेठ यांच्यासमोर उभा राहिला.

"डोळे चुकलेत, शेठ. सगळ्यांचे."

"तक्रार आली काय?"

"नाय."

"मंग चुकलं कसं?" नाथाशेठ समजुतीने म्हणाले. "बाबा रे, अकराशे घरं. येकान तरी बोलला असता."

"मग मीच तक्रार करतो. लेखी."

नाथाशेठनी चष्मा काढला. "म्हंजे तक्रार करनार तू, आनि तिच्यापायी घरी जानार तूच. आईला काय सांगशील?"

"सांगेन की गणपती उंदरासारखा बघतो."

"ती तुलाच दृष्ट काढायला घेऊन जाईल," नाथाशेठ म्हणाले. पण माणूस सरळ होता. अर्ज त्यांनी घेतला. मात्र नियमानुसार तक्रारीसोबत मूर्ती जोडावी लागते, आणि बसवलेली मूर्ती विसर्जनाआधी हलवता येत नाही. विसर्जनानंतर हलवता येते, पण तेव्हा ती नसते. (नियम करताना हा मुद्दा लक्षात आला होता, आणि म्हणूनच तो एकमताने मंजूर झाला होता.) यातून मार्ग म्हणून संस्थेने रोह्याला जाऊन प्रत्यक्ष पाहणी करायचे ठरवले. सुजय त्या संध्याकाळी फार आनंदात होता. नोकरी जाण्याची एवढी खात्री त्याला पूर्वी कधी वाटली नव्हती.

पाहणी पथक दोन गाड्या करून रोह्याला पोहोचले. आधी आरती झाली. आरतीत सर्व सभासदांनी डोळे मिटले होते, आणि हे पाहणीच्या दृष्टीने गैरसोयीचे असले तरी त्याला कोणी हरकत घेऊ शकत नव्हते. नंतर दत्ताशेठ मूर्तीच्या अगदी जवळ गेला.

"पितांबराचा पिवळा बघा," दत्ताशेठ सगळ्यांना म्हणाला. "हा माझा हात. यंत्राचा नाय."

"शेठ, डोळे," सुजय म्हणाला.

"कुठं?"

"तुमच्या समोर."

नाथाशेठनी शहानिशा करायचे ठरवून फोन उघडला आणि मूर्तीकडे धरला. फोनला चेहरा सापडला. फोनने रीतीप्रमाणे डोळे मोठे केले, रंग उजळवला, गालाला थोडी गुलाबी छटा दिली.

"काय प्रसन्न हाय," नाथाशेठ म्हणाले आणि फोन सगळ्यांत फिरवला.

"फोनमधे नको हो. असं बघा. नुसतं," सुजय म्हणाला.

"नुसतं काय बघायचं? ह्याच्यात स्वच्छ दिसतंय." मग त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावले. पथक मूर्तीकडे पाठ करून ओळीने उभे राहिले; ओळीत न मावलेले मूर्तीच्या मागे गेले. फोटो सखामामाने काढला. सुजयला मधे उभे केले होते, कारण तक्रारदार तोच होता.

मोदक झाल्यावर अहवाल तिथेच लिहिला गेला. त्यातील निष्कर्ष असे:

एक, सर्व डोळे जागेवर आहेत.
दोन, नजर प्रसन्न असून तसा छायाचित्रीय पुरावा उपलब्ध आहे.
तीन, यजमान श्रीमती शांती यांच्या म्हणण्यानुसार नैवेद्याकडे देवाचे लक्ष यंदा वाढले आहे.
चार, मूर्ती उंच असल्याने फोटोत मागे उभ्या राहिलेल्या सभासदांचे चेहरे दिसत नाहीत. ही तक्रार गंभीर आहे.

चौथा मुद्दा आखणीचा नसल्याने सुजयला त्याची बाधा आली नाही. पुढच्या वर्षी मूर्तींची उंची चार बोटे कमी करायचे ठरले. सुजयचा अर्ज फेटाळण्यात आला आणि, आखणीबद्दल ग्राहकांची तक्रार नसल्याने, त्याच बैठकीत त्याला कायम करण्यात आले. म्हणजे काम संपले तरी जी परत घेतली जात नाही, अशी जागा त्याला मिळाली. निडीला त्याच्या आईने पेढे वाटले. एक पेढा तिने सुजयच्या तोंडात घातला तेव्हा तो काहीतरी सांगायला निघाला होता.

नवरात्रात देवी बसल्या. डोळे तांबडे, फाटलेले, आपल्याच छातीतल्या त्रिशुळाकडे बघत असल्यासारखे खाली रोखलेले. 'यंदाची देवी कडक हाय,' असे पेणपासून रोह्यापर्यंत लोक म्हणाले आणि नवस वाढले. शेजारच्या तालुक्यातून पुढच्या हंगामासाठी याच नजरेची मागणी आली. संस्थेने यंत्र दुसरे घेतले. सुजयने त्याच्यासाठीही कंपायलर लिहिला आणि पत्त्यांना प्रकार असावेत का, असा प्रस्ताव ठेवला. प्रस्ताव विचाराधीन आहे. तो कोणाच्या टेबलावर आहे हे सर्वांना माहीत आहे.

वाचक चौकस असतो. तो आता यंदाच्या आपल्या गणपतीचा फोटो फोनमधे शोधेल. फोटो लगेच सापडेल. त्याने तो दोन बोटांनी मोठा करावा. प्रथम आपण स्वतः दिसाल. केस नीट होते ना, ते बघून घ्यावे, घाई नाही. मग कानाच्या मागून एक डोळा दिसेल. तो कोणाचा, हे ठरवायला मूर्तीच बघावी लागेल, आणि ती आता नाही. होती तेव्हा तुम्ही तिच्याकडे पाठ करून उभे होतात.