सेनापतीच्या अंगरख्याचं काय झालं?

चिनी मालिकेत कोणाच्या पोटात तलवार घुसली की आपण पोटाकडे बघतो. हमीदचाचा कापडाकडे बघतात. माणूस घोड्यावरून खाली कोसळतो, मागे सनईसारखं काहीतरी रडायला लागतं, माझ्यासारखा रुमाल शोधायला लागतो, आणि चाचा मोबाइल थांबवून, चष्मा कपाळावर चढवून मला हाक मारतात, "सुनीलभाऊ, रेशीम व्हतं रे! उभं फाटनं!"

चाचा रफूगर आहेत. धुळ्यात आता रफूगर शोधावे लागतात, आणि आमच्या पाचव्या गल्लीत तर ते एकटेच. माझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या ओट्यावर ते माझ्या वडिलांच्या काळापासून बसतात. म्हणजे दुकान माझं, पण ओटा त्यांचा. माझं गिऱ्हाईक ओट्यावर चप्पल घालून चढलं तर ते मला रागावतात. एक बसकं स्टूल, सुयांची डबी, कात्री, आणि मांडीवर कोणाची तरी जळलेली नाहीतर उंदरानं कुरतडलेली पँट. काम फक्त उन्हाच्या उजेडात. दुपारी गल्लीतली शटरं अर्ध्यावर येतात, धुळ्याचं ऊन रस्त्यावर एक माणूस ठेवत नाही, तेव्हा चाचा डबी बंद करतात आणि माझ्या वायफायवर चीनला जातात.

हा नाद त्यांना गेल्या वर्षी लागला आणि त्यात दोष माझाच आहे. "बाकी मुलखात रफू कसं करतस ते दाखव," असं ते एकदा म्हणाले. मी मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि समोर आली हिंदी आवाजातली एक चिनी राणी. अंगावर कपड्यांचे इतके थर की मोजता मोजता चाचांचा चहा गार झाला. त्या दिवशी एक गिऱ्हाईक पँट घ्यायला आलं आणि ताटकळून परत गेलं. चाचांनी मान वर केली नाही.

चिनी नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे कापड. राजा म्हणजे 'पिवळा झगा', राजाचा कपटी मामा म्हणजे 'जरीची किनार', नायिका म्हणजे 'आभाळी ओढणी'. ही पद्धत फार सोपी आहे, फक्त समोरच्यानं कपडे बदलायचे नाहीत. आणि चिनी मालिकेत तर माणसं दर पाच मिनिटांनी कपडे बदलतात. लगेच चाचा विचारणार, "हाऊ कोन उना नवा?"

"नवा नाही चाचा, तोच आहे. अंघोळ करून आला."

एकदा नायिका पुरुषाचा वेश करून सैन्यात भरती झाली. अख्ख्या सैन्याला पत्ता नाही, सेनापतीला पत्ता नाही, चाचांनाही नाही. मी शपथ घेऊन सांगितलं तरी पटेना. शेवटी ती नदीवर तोंड धुवायला वाकली, आतली गळपट्टी जराशी दिसली, आणि चाचा ओरडले, "अरे, हाई तर आभाळी ओढणी! टाका तोच शे!" सेनापतीला तेच कळायला पुढे आठ भाग लागले.

हसू नका. याच डोळ्यांनी त्यांनी एक खून पकडला होता. राजवाड्यात एक प्रधान मेला आणि काटेरी झुडपात निळ्या कापडाचा तुकडा सापडला. सगळ्या दरबारानं धाकट्या राजपुत्राला धरलं, कारण त्याचा झगा निळा. चाचांनी चित्र थांबवलं, मोठं केलं, नाकाला लावलं आणि निकाल दिला, "हाऊ तुकडा फाटेल नही, कापेल शे. काट्यानं फाटलं तर धागे लोंबतस. हाई कात्रीनं कापीसन ठेयेल शे." म्हणजे कोणीतरी मुद्दाम ठेवला. गल्लीत यावर चहाची पैज लागली. समोरचे भांडीवाले राजूशेठ राजपुत्राच्या विरोधात गेले आणि सहा भागांनंतर अख्ख्या गल्लीला चहा पाजून गप्प बसले. तेव्हापासून दुपारी आमच्या ओट्यावर पाच-सहा जण जमायला लागले. माझ्या झेरॉक्सचा धंदा वाढला नाही, पण बसायला जागा उरली नाही.

चाचांची तक्रार मात्र प्रत्येक मालिकेत एकच. ती आता गल्लीत सगळ्यांच्या तोंडी बसली आहे. "बठ्ठा फाडतस, पन शिवस कोन?"

खरंच आहे, फाडणारे सगळे, शिवणारा कोणी नाही. हवेतून उडणाऱ्या देवमाणसांची एक मालिका होती. ते झाडांच्या शेंड्यांवरून उडायचे आणि एकाचाही झगा कधी फांदीत अडकला नाही. चाचांनी ती तिसऱ्या भागात सोडली. "खोटं किती बोलावं," म्हणाले. मग एक आजच्या काळातली पाहिली, मोठ्या कंपनीच्या मालकाची. त्याच्या कोटावर नायिकेनं कॉफी सांडली. पठ्ठ्यानं कोट काढला आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला. चाचांनी मोबाइल उलटा ठेवला. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, जणू तो कोट मीच टाकला होता.

आणि मग आली ती सेनापतीची मालिका.

चौथ्या भागात सेनापतीला बाण लागतो. पांढरा अंगरखा, काठाला सोनेरी किनार, बाण डाव्या खांद्यामागे. गावातली औषधं देणारी एक मुलगी त्याला वाचवते. जखम भरल्यावर तो नव्या कपड्यांत लढाईला निघून जातो आणि ती मुलगी काय करते? तो फाटका अंगरखा धुते, घडी घालते आणि लाकडी पेटीत ठेवते.

टाकला नाही. ठेवला. चाचा स्टुलावरून उठून उभे राहिले. "देखजो, हाई पोर शिवी!" म्हणजे बघच, ही पोर शिवणार.

त्या दिवसापासून लढाई कोण जिंकतं, राजा कोण होतो, याच्याशी चाचांचा संबंध उरला नाही. पेटी कधी उघडते एवढंच. रोज दुपारी डोळे त्या पेटीवर. दहावा भाग झाला, विसावा झाला, पेटी पलंगाखालीच. राजूशेठ मुद्दाम म्हणायचे, "चाचा, कसर लागली असेल आतापर्यंत." चाचांनी शेवटी जाहीर करून टाकलं की या पोरीनंही शिवलं नाही तर चीन बंद. पुन्हा मोबाइल हातात धरायचा नाही. हे ते हसत म्हणाले नाहीत.

त्यांची आणखी एक सवय मला तेव्हा जास्त खटकायला लागली. चित्र थांबवायचं आणि डोळे मिटून बोटांवर काहीतरी पुटपुटायचं, "डावा खांदा, मागून, चार बोटं, तिरपं." शाळेतलं पोर पाढे पाठ करतं तसं. मी म्हणायचो, चाचा, परीक्षा आहे का? ते म्हणायचे, "शे ना." मला वाटायचं, वय झालं.

छत्तीस भाग झाले आणि चाचांच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख आली. ऑपरेशन छान झालं, पण डॉक्टरांनी मोबाइलला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. उजवा डोळा तसाही रांगेत उभा होताच. चाचांनी निरोप पाठवला, "शेवटचे चार भाग तू देख आनि घरी येऊन सांग. बठ्ठं सांग. गाळू नको."

मी दुकानाचं शटर ओढून चारही भाग पाहिले. लढाई संपली. सेनापती परतला. लग्न ठरलं, लाल कपडे आले, कंदील लागले, दोघं घोड्यावर बसून डोंगराकडे निघाले आणि पडद्यावर नावं सरकायला लागली. पेटी? पेटी त्या घरात पलंगाखाली राहिली. त्या पोरीनं निघताना मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी एकटाच दुकानात मोठ्यानं शिवी हासडली. वर्षभर चाचांची टिंगल करणारा मी!

चाचांच्या घरी जाताना रस्त्यात मी ठरवलं, खोटं बोलायचं. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसाला इतकं काय खरं सांगायचं?

दोन खोल्यांचं घर. इतक्या वर्षांत मी तिथे कधी गेलो नव्हतो, ईदला शिरखुर्म्याचा डबा दुकानावरच यायचा. चाचा काळा चष्मा लावून खाटेवर बसले होते. शेजारी जुबेदाचाची. त्यांनी मला सरबत दिलं, तेव्हा पेला माझ्या हाताच्या वीतभर बाजूला आला. चाचांनी हळूच त्यांचं मनगट धरून माझ्याकडे वळवलं, आणि मला कळलं की चाचींना दिसत नाही.

"सहा वर्षं झाली," चाचा म्हणाले. "शुगरनी डोळे लिधा."

मग जे मला वर्षानुवर्षं ठाऊक नव्हतं ते त्यांनी सहज सांगून टाकलं. भारी काम, म्हणजे शालू, लग्नाचे कोट, काश्मिरी शाली, ते ओट्यावर कधी करतच नसत. घरी आणत. करायच्या चाची. गल्लीनं आयुष्यभर ज्या हाताची तारीफ केली तो हात हा होता. आता त्या हाताला काम नाही. म्हणून चाचा रोज संध्याकाळी घरी येऊन चीन सांगतात. कोणाचं काय फाटलं, कुठे फाटलं, उभं की आडवं, सूत की रेशीम. मग चाची सांगतात ते कसं भरायचं. चाचा काही विसरले तर त्यांना बोलणी बसतात. परीक्षा म्हणतात ती ही. आणि "शिवस कोन?" हा सवालही मुळात चाचींचाच.

"सांग बेटा," चाची पुढे सरकून म्हणाल्या. एरवी दोघं घरात हिंदी बोलतात, माझ्यासाठी त्या अहिराणीवर आल्या. "शिवं का त्या पोरनी?"

"शिवलं ना!" मी म्हणालो. "शेवटच्याच भागात. खिडकीत बसून."

चाचा खाटेवर ताठ झाले. चाचींच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला वाटलं, काय छान खोटं बोललो मी.

"कोनता धागा लिधा तिनी?"

"पांढरा."

"ते शे. पन काढा कोठून?"

"कुठून म्हणजे? डबीतून. रीळ होतं."

चाचा उगीच खोकले.

"बरं. मंग?"

"मग सुईत ओवला," मी आता रंगात आलो होतो, "आणि मस्तपैकी गाठ मारली."

"गाठ?" चाची म्हणाल्या.

"गाठ?" चाचा म्हणाले.

एवढा दचकलेला आवाज मी त्यांचा कोणत्याही खुनाला ऐकला नव्हता. चाची पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "बेटा, रफूमा गाठ नही ऱ्हास. आनि धागा त्याच कपड्याना शिवणमाईन काढतस. तू खोटं बोली ऱ्हायना."

मी कबूल केलं. पेटी उघडलीच नाही, म्हणालो. ती पोर घोड्यावर बसून निघून गेली.

चाचांनी मान खाली घातली. मला स्वतःचा राग आला, त्या पोरीचा आला, मालिका लिहिणाऱ्याचा तर फारच आला. वर्षभर रोज संध्याकाळी या घरात जे काम यायचं ते आता बंद होणार, आणि ती बातमी घेऊन मीच आलो होतो.

तेवढ्यात चाची म्हणाल्या, "हात द्या."

चाचांनी हात पुढे केला. चाचींनी तो मांडीवर घेतला आणि तळवा उघडला. "दाखवा, बाण कोठे लागेल व्हता?"

चाचांनी दुसऱ्या हाताच्या बोटानं आपल्याच तळव्यावर एक तिरपी रेघ ओढली. चाचींनी त्यावरून अंगठा फिरवला, दोनदा, मग मान हलवली. आणि शिवायला बसल्या. आधी खालच्या दुमडीतून धागा सोडवला, ओढून नाही, सरकवून. मग उभे धागे भरले, एकेक. मग आडवे, एक वरून, एक खालून. तोंडानं सांगत होत्या आणि बोटं चालत होती. मध्येच चाचा म्हणाले, "अस्ते, आठे सोनेरी किनार शे." चाचींनी तिथे हात हलका केला.

मला रडू आलं. लपवायची गरज नव्हती. एकीला दिसत नव्हतं आणि दुसऱ्यानं काळा चष्मा लावला होता.

बऱ्याच वेळानं चाचींनी तळव्याशी वाकून नसलेला धागा दातानं तोडला. चाचांनी हात चष्म्याजवळ नेला, उलटा केला, सुलटा केला, मग बोटानं चाचपला.

"कोठे फाटेल व्हतं," ते म्हणाले, "सापडत नही."

आणि चाची, या वयात, माझ्यासमोर, चक्क लाजल्या.