गेंचोच्या खड्ड्याचं पाणी

"ओ आजोबा, अहो पिताय काय! सिमेंटचं पाणी आहे ते!"

गेंचो बोंबलत शिडीवरून खाली उतरेपर्यंत खरालांपी आजोबांचा दुसरा पेला रिकामा झाला होता. आजोबांनी मिशा पुसल्या, डोळे मिटले आणि समाधानाने म्हणाले, "गॅस आहे रे यात. नैसर्गिक."

गॅस होताच, पण तो गेंचोनेच सोडलेला. नव्या इमारतीच्या पायाच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं, आणि ओल्या सिमेंटमध्ये मुरून ते इतकं क्षारट झालं होतं की ओढ्यात सोडलं असतं तर मासे पोट वर करून तरंगले असते. म्हणून ते आधी टाकीत निवळायचं, मग सोडावॉटरमधला वायू सोडून त्याचा क्षार मारायचा आणि मग पाइपाने गटारात. मुकादम म्हणून ही जबाबदारी गेंचोची. शुक्रवारी पर्यावरण खात्याच्या वेल्कोवाबाई तपासणीला येणार होत्या. तेव्हा एक माणूस जरी हे पाणी पिताना दिसला, तरी काम बंद आणि गेंचो घरी.

आणि आमचं हे बल्गेरियातलं गाव तर असं, की जमिनीतून काही बुडबुडत वर आलं की माणसं कॅन घेऊन हजर. कुणाचा मुतखड्याचा झरा ठरलेला, कुणाचा डोळ्यांचा. संध्याकाळपर्यंत गेंचोच्या पाइपापासून बेकरीपर्यंत रांग लागली.

गेंचोने बोर्ड लावला: 'हे पाणी पिऊ नये.' रांग दुप्पट झाली.

"पिऊ नये म्हणतोय," आजोबांनी रांगेला समजावलं, "म्हणजे सगळं राजधानीला न्यायचा डाव आहे. बड्या लोकांच्या घरी."

"अहो, सिमेंट आहे त्यात!"

"म्हणजे कॅल्शियम," एक बाई म्हणाल्या. "माझा गुडघा कालपासून वाजत नाही."

मग गेंचोने पत्रे ठोकून कुंपण घातलं. सकाळी येऊन बघतो तर काय, पाइप कुंपणाला भोक पाडून बाहेर काढलेला, खाली दगडी कुंडी, साखळीला पेला आणि वर संगमरवरी पाटी: 'प्रिय पत्नीच्या स्मरणार्थ. खरालांपी.' गेलेल्या माणसाच्या नावाने पाणपोई बांधायची आमच्याकडे पद्धतच आहे.

"आजोबा, अहो आजी जिवंत आहेत! त्या काय, रांगेत उभ्या आहेत!"

"आहे ना. मेल्यावर तिला वाचता येणार आहे का?"

आजींनी पाटीकडे पाहून डोळे टिपले. दुपारी पाद्रीबुवा येऊन रानतुळशीच्या जुडीने पाणी शिंपडूनही गेले. आता पाइपाला हात लावायची सोयच राहिली नाही.

गेंचोला पित्ताचा जुना त्रास. जरा काळजी लागली की छातीत नुसता जाळ. पण या आठवड्यात एवढी पळापळ होऊनही जळजळ कशी ती नव्हती. दृष्ट लागेल म्हणून त्याने हे कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंनी थर्मासमध्ये भरून दिलेली कॉफी पीत तो शुक्रवारची वाट बघत बसला.

शुक्रवारी सकाळी त्याने शेवटचा उपाय केला. जुना बोर्ड काढला आणि नवा लावला: 'पालिकेने तपासलेले, पिण्यास सर्वोत्तम पाणी.'

खरालांपी आजोबांनी तो दोनदा वाचला. हातातला पेला हळूच खाली गेला.

"पालिकेने?"

"हो आजोबा. सही-शिक्क्यासकट."

"तरीच म्हटलं, रात्रीपासून पोटात काय गुरगुरतंय!"

बघता बघता रांग पांगली. आजोबांनी स्क्रू काढून पाटी काखोटीला मारली, आजींना हाताला धरलं आणि निघाले. गेंचोने हुश्श केलं आणि तेवढ्यात समोर गाडी थांबली. बोर्ड तसाच होता.

वेल्कोवाबाईंनी चष्मा लावून तो वाचला. "हे कुणी लिहिलं?"

"मी," गेंचो म्हणाला.

"पालिकेने खरंच तपासलंय?"

"नाही, बाई."

बाईंनी रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, कोरड्या पेल्याकडे पाहिलं, आणि चक्क हसल्या. "शाबास! मागच्या साइटवर मी धोक्याची कवटी रंगवून घेतली, तर लोक बादल्या घेऊन आले. हे वाचून मात्र कुत्रंसुद्धा तोंड लावणार नाही." त्यांनी गटारात पडणारं पाणी तपासलं आणि काम चालू ठेवायला परवानगी देऊन टाकली.

गेंचो तरंगतच घरी गेला. जेवताना त्याने सगळी हकीकत रंगवून सांगितली. त्याची बायको हसून हसून लोळली. सासूबाई तेवढ्या गंभीर.

"पालिकेने ते पाणी पास केलं?"

"अहो आई, बोर्डापुरतं!"

"पण बोर्डावर होतं ना?"

सासूबाई उठल्या. टेबलाखालून त्यांनी एक कॅन ओढला, मग दुसरा, आणि दोन्ही मोरीत उपडे केले.

"तू पिऊ नका म्हणालास, म्हणून विश्वासाने भरून आणलं होतं. आठवडाभर तुझी कॉफी याचीच करतेय. आता नको बाई, उगाच जिवाशी खेळ!"

गेंचोने हातातल्या कॉफीच्या कपाकडे पाहिलं, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्याच्या छातीत जळायला लागलं.