पट्टा क्रमांक चार

सामूहिक कार्यात भार सर्वांवर सारखा पडतो, हे सर्वमान्य आहे; म्हणूनच तो कधी कोणी मोजलेला नाही. त्या दिवशी कार्यालयाच्या जिन्यात हजर वस्तू व माणसे अशी: लोखंडी कपाट एक, वजन एकशे वीस किलो, उचलणारे सहा, "सांभाळून, सांभाळून" म्हणणारे अकरा (यांच्याशिवाय कपाट हलत नाही).

उचलणाऱ्यांत हेडक्लार्कसाहेबांचे कण्हणे सर्वांत मोठे होते. स्टोअरकीपर काका मात्र गप्प, आणि तेच साहेबांना खटकले.

"काका, जोर लावताय की नुसते हात टेकलेत?"

"आवाज केला की दम जातो, साहेब."

एवढ्यावरून काकांच्या सेवापुस्तकात 'सामूहिक कामात हातभार नाही' असा शेरा मारायचे ठरले. शेरा म्हणजे बदली, आणि काकांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते.

तपासणी विभागात नुकतीच लागलेली मुलगी काकांना फार मानायची. पण मानणे हा पुरावा नव्हे, हे ती पदवीला असतानाच शिकली होती. तिने कपाटाला सहा पट्टे बांधले, प्रत्येक पट्ट्याला ओढ किलोत दाखवणारा एक ताणकाटा अडकवला आणि सहाही जणांना पुन्हा उचलायला लावले. चौथा पट्टा काकांच्या वाट्याला आला. नोंदी क्रमाने: वीस, तीस, शून्य, अठ्ठावन्न, चोवीस, शून्य. बेरीज एकशे बत्तीस.

कपाट बारा किलोंनी वाढले होते. तिने काटे पुन्हा तपासले; बिनचूक निघाले. मग तिचे लक्ष साहेबांच्या कोपराकडे गेले. साहेब कपाटावर रेलून कण्हत होते.

नावे घातली तर मोजमाप निःपक्षपाती राहत नाही, म्हणून अहवालात तिने फक्त पट्ट्यांचे क्रमांक दिले (इतकी काटेकोर चूक शिकल्याशिवाय जमत नाही). साहेबांनी अहवाल मन लावून वाचला, चौथ्या पट्ट्याचे तोंडभरून कौतुक केले आणि फर्मान काढले: वाचणाऱ्याने तळाशी आपला पट्टा क्रमांक लिहावा; जागा कोरी ठेवणाऱ्याला शेरा.

कागद बासष्ट टेबलांवरून फिरला. (नऊ जण कपाट उचलले त्या दिवशी रजेवर होते, त्यांनीही लिहिले.) काकांच्या टेबलावर तो पोचला तेव्हा काका जागेवर नव्हते. खाली त्याच कपाटात एकटेच फायली लावत होते.

कागद आता तुमच्या हातात आहे. पेन दोरीने बांधलेले आहे.

आतापर्यंतची नोंद: क्रमांक चार, एकसष्ट, कोरी जागा, एक.