गाडीच्या पोटातली मोहरी

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या एका गॅरेजात विक्रांत सबनीसची गाडी लिफ्टवर सहा फूट उंच गेली आणि तिच्या पोटातून मोहरी गळाली.

चिमूटभर नव्हे, चांगली फोडणीला पुरेल एवढी. दोन दाणे विक्रांतच्या चष्म्यावर आपटले. गॅरेजचा मालक कबीर टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला आणि एकेक कोपरा बोटाने टोकरत राहिला. गॅरेजवाला टोकरू लागला की गिऱ्हाइकाचा जीव टांगणीला लागतो.

गाडी बावीस वर्षांची. निळी, जपानी, टर्बोवाली, सहा सेकंदांत ताशी साठ मैलांचा वेग गाठणारी. विक्रांतने ती लग्नाआधी घेतली होती, आणि लग्नानंतर ती आपली सवत झाली असं त्याच्या बायकोचं, सुचेताचं, म्हणणं होतं. शेवटी दोघांत करार झाला. कबीरने गाडी खालून तपासायची. गंज वरवरचा निघाला तर तो खरवडून, रंग आणि मेण लावून गाडी ठेवायची. खोल गेलेला निघाला तर रविवारी क्रॉयडनहून गाडी बघायला येणाऱ्या माणसाला विकून टाकायची.

विक्रांत निर्धास्त होता. तो कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, नोकरीला होता आणि हिवाळ्यात बर्फ साचू नये म्हणून कुठल्या रस्त्यावर किती मीठ टाकायचं हे तोच ठरवत असे. मीठ लोखंडाचं काय करतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणून नोव्हेंबर ते मार्च गाडी दारातून हलत नसे. तो बसने जाई.

"अंकल," कबीर अखेर म्हणाला, "सगळा ठीक आहे. फक्त मागच्या डाव्या चाकापाशी गंज खूप डीप गेला आहे. आणि तिकडे एक रोप आला आहे."

"रोप?"

"दोन पानं आहेत. हेल्दी आहे."

विक्रांतने आधी उंदरांवर संशय घेतला, मग गाडीच्या पहिल्या मालकावर. कबीरने बोटाला लागलेली पांढरी पूड जिभेवर टेकवून पाहिली. मीठ. कबीर जन्मापासून वॉटफर्डचा, पण त्याची आजी कोल्हापूरची होती.

"अंकल, तुमच्या घरी दृष्ट कोण काढते?"

विक्रांतची आई, वैजयंतीबाई, घरी मटार सोलत होत्या. त्यांनी काही नाकारलं नाही. उलट, अकरा वर्षं आपण गाडीची दृष्ट काढतो आणि एकानेही कौतुक केलं नाही, याचंच त्यांना वाईट वाटत होतं. शेजारचा ब्रायन दर रविवारी कुंपणावरून डोकावून 'लव्हली मोटर' म्हणतो. गोऱ्यांची नजर लागत नाही असं कुठे लिहिलंय? म्हणून दर रविवारी विक्रांत आंघोळीला गेला की त्या मीठमोहरीची मूठ गाडीवरून ओवाळत. ती खरी विस्तवावर टाकायची. पण पहिल्याच खेपेला स्मोक अलार्म कोकलला आणि ब्रायनने फायर ब्रिगेड बोलावली. तेव्हापासून मूठ गाडीखाली, डाव्या चाकाशी.

"पण आई, ते जमिनीवर पडतं ना? वर कसं गेलं?"

"मग कचरा तसाच ठेवू? पाइप लावून धुते की. चांगला जोरात."

विक्रांत खाली बसला. अख्ख्या शहराचं मीठ त्याने या गाडीपासून लांब ठेवलं होतं, आणि त्याच्याच दारात दर आठवड्याला तिला खाऱ्या पाण्याची आंघोळ घातली जात होती.

"मीठ आणि मोहरी," विक्रांत-सुचेताची मुलगी मायरा फोनवरून नजर न हलवता म्हणाली. "म्हणजे आजीने कारचा लोणचा केला."

सुचेताने चेहरा शक्य तितका दुःखी केला आणि करार तो करार, म्हणाली. क्रॉयडनच्या माणसाला पत्ता पाठवायला तिने फोन उचललासुद्धा. वैजयंतीबाईंनी मटार बाजूला सारले.

"माझ्यामुळे गाडी विकणार असाल तर मी आजच बेसिंगस्टोकला शशीकडे जाते." शशी म्हणजे त्यांची लेक, ही धमकी महिन्यातून एकदा होई. "आणि चाकाशी टाकायचं माझ्या डोक्यात नव्हतं हं. मी गुलाबाच्या कुंडीत टाकणार होते. सुचेता म्हणाली, आई, गुलाब मरेल, गाडीखाली टाका."

विक्रांत सुचेताकडे वळला.

"मिठाने गुलाब मरतो हे तुला माहीत होतं," विक्रांत म्हणाला.

"गुलाब माझा आहे."

"आणि लोखंड?"

"ते तुझं डिपार्टमेंट," सुचेता म्हणाली आणि फोन खाली ठेवला.

त्यानंतर विक्रीचा विषय काढायला तिला तोंड उरलं नाही. गाडी तीन आठवडे कबीरकडे राहिली. कुजलेला पत्रा कापून नवा जोडला गेला, सगळ्या तळाला काळं मेण चढलं. मोहरीचं रोप कबीरने दह्याच्या डब्यात लावून परत दिलं. कामाची हमी पाच वर्षांची, पण पावतीवर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: मीठ दिसलं तर हमी रद्द.

वैजयंतीबाईंनी मीठ बंद करायचं मान्य केलं. अट एकच: ब्रायनने गप्प राहायचं. विक्रांत लगेच ब्रायनला भेटला आणि यापुढे गाडीबद्दल रविवारी काही बोलू नकोस, म्हणून विनवून आला. इतक्या वर्षांत विक्रांतने ब्रायनकडे गाडीचा विषय कधी काढला नव्हता. त्याअर्थी गाडीत बघण्यासारखं काहीतरी झालं असणार, असं ब्रायनच्या मनाने घेतलं.

रविवारी सकाळी दहा वाजता तो बायकोला घेऊन आला. गुडघे टेकून, मान वाकडी करून त्याने गाडीचा तळ पाहिला आणि अगदी नव्यासारखी झाली, असं तीनदा म्हणाला. त्याची बायको दोनदा म्हणाली.

वैजयंतीबाई मुकाट्याने आत गेल्या. किचनमधून डब्याच्या झाकणाचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा उजवी मूठ मिटलेली होती. सुचेता धावत जाऊन गुलाबाच्या कुंडीपुढे हात पसरून उभी राहिली. विक्रांत डाव्या चाकाला पाठ लावून जमिनीवर बसला.

दहा वाजून बावीस मिनिटांपर्यंत मूठ गाडीवरून तीनदा ओवाळून झाली होती. ती अजून मिटलेली होती.