पिवळ्या मडगार्डला पॉलिश

सेजलचे बाबा, जयराम, गोव्यातल्या साखळी गावचे मोटारसायकल पायलट, म्हणजे दुचाकीचे टॅक्सीवाले. पायलटच्या गाडीचा पुढचा मडगार्ड पिवळा असतो. त्या पिवळ्याकडे बघूनच गिऱ्हाईक मागे बसतं. सोमवारी त्यांच्या गाडीचं आरटीओत पासिंग होतं. मडगार्ड धड दिसला नाही, तर पास नाही. पास नाही, तर धंदा बंद.

बाबा दर रविवारी फाटक्या बनियनचं फडकं घेऊन, वॅक्स लावून, दोन तास गोल गोल हात फिरवायचे. "मशीनाक जीव नसता गो," ते म्हणायचे. "रंग खय पातळ झालो, ता हाताक कळता."

या रविवारी ते बसने लाटंबार्स्याला बहिणीकडे गेले होते. सेजल दहावीत होती, तिने पॉलिशचे चार व्हिडिओ पाहिले होते, आणि सध्या तिला जगातलं काहीही जमण्यासारखं वाटत होतं. शेजारच्या दत्तप्रसादकाकाच्या गॅरेजमधून तिने बफिंग मशीन मागून आणलं. दोन तासांचं काम दहा मिनिटांत! टाकी अशी चकाकली, की तिने त्यात स्वतःची वेणी नीट केली.

मडगार्डवर मशीन टेकवलं आणि आतून आईची हाक आली. "सेजल, ता घुंघुं बंद कर गो. मावशीचो फोन इलोसा, कायेक आयकाक येना नाय."

"झालाच गे," असं म्हणत सेजलने मान वळवली. मान वळली, पण मशीन जागच्या जागी फिरत राहिलं. ती पुन्हा बघते तर पिवळ्याच्या मधोमध पोळीएवढा करडा पत्रा.

तिने शाळेच्या दप्तरातला पोस्टर कलर काढला. तो निघाला लिंबासारखा, आणि मडगार्ड तर पिकल्या आंब्यासारखा. मग रंग गडद व्हावा म्हणून तिने त्यात हळद कालवली. ओघळ टायरवर आले, ते पुसायला तिने साबणाचं फडकं फिरवलं, आणि हळदीला साबण लागल्यावर जे होतं तेच झालं. आता मडगार्डच्या कपाळावर मळवट भरल्यासारखा लालभडक डाग होता.

आता मात्र तिचं अवसान गळालं. तिने पान्याने मडगार्ड सोडवला, टॉवेलात गुंडाळला आणि बाजारातल्या सगुण पेंटरचं दुकान गाठलं.

सगुणने टॉवेल उघडला. "परत?"

"परत म्हंजे?"

"गेल्या वर्सा तुजो बापूस घेऊन इल्लो. हयच, असोच डाग. त्या दत्तप्रसादाच्याच मशीनान. म्हणालो, घरात सांगू नको." सगुणने लाल डागावर नख फिरवलं. "ह्यो तांबडो खयसून?"

"हळद. आणि साबू."

"बापायन निदान सयपाकातला कायेक लावूक नव्हता."

सेजलने मनातल्या मनात हिशेब केला. बाबांचं ते हाताचं पुराण सुरू झालं, त्यालाही वर्षच होत आलं होतं.

एवढ्यात बाबाच धापा टाकत दुकानात शिरले. घरी येऊन बघतात तर गाडीला मडगार्ड नाही, आणि ओसरीवर मशीन. त्यांनी एकदा डागाकडे पाहिलं, एकदा सगुणकडे, आणि मग लेकीकडे.

"ह्याना तुका काय सांगलान?"

"सगळा."

बाबा स्टुलावर बसले. "आवशीक?"

"तिका कायेक म्हायत नाय."

बाबांनी इतका लांब श्वास सोडला, की सगुणच्या टेबलावरचा कागद उडाला. "तू माजा सांगू नको. मी तुजा सांगूचंय नाय."

"ठरला," सेजल म्हणाली.

सगुणने सगळा रंग घासून काढला आणि या वेळी ब्रश न घेता स्प्रे मारला. सोमवारी साहेबांनी मडगार्डकडे ओझरतं पाहिलं आणि शिक्का मारला. बापलेक रस्ताभर हसत घरी आले.

आई, कमलाक्षी, अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने ओलं बोट मडगार्डवरून अलगद फिरवलं.

"यंदा सगुणान बरो मारल्यान," ती म्हणाली. "गेल्या खेपेक ब्रशाचे ओरखडे दिसत होते. चला, हातपाय धुवा, चाय निवता."